एक पायरी, मग टेस्ट

मे महिन्यात नांदेडात कुत्रंसुद्धा दुपारी सावली सोडत नाही. अशा उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या व्यंकटकाकांच्या घरी कूलर एकच, आणि तो कम्प्युटरकडे तोंड करून ठेवलेला. त्यातही पाणी नाही. "ओल बाधती त्याला," काका सांगतात. म्हणजे कम्प्युटरला नुसता वारा, आणि काकांना तोही नाही. ते बनियन भिजवून शेजारी बसतात आणि दर अर्ध्या तासाला कम्प्युटरचं तापमान वहीत लिहितात. स्वतःला ताप आला तर थर्मामीटर मात्र आमच्याकडून मागून नेतात.

वीज खात्याच्या सबस्टेशनवर काकांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुना कम्प्युटर घेतला आणि तो बनवणाऱ्यानं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा नाद लावून घेतला. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तरुण पोरं गेम खेळण्यासाठी हे उद्योग करतात. काका त्यावर पत्तेसुद्धा खेळत नव्हते.

"एक पायरी, मग टेस्ट." हे त्यांचं ब्रीद. प्रोसेसरचा वेग अगदी थोडा वाढवायचा, मग दिवसभर त्याला पुरत्या कामाला जुंपून बघायचं. ऐंशी अंशांच्या वर गेला किंवा अडखळला, की मुकाट्यानं एक पायरी खाली. व्होल्टेजला शक्यतो हातच लावायचा नाही. "व्होल्टेज म्हंजे पाहुण्याला आग्रह, सर. लई केला की पाहुणा दवाखान्यात." मेमरीचा त्यांना सगळ्यात धाक. "प्रोसेसर बरा. झेपलं न्हाई की बंद पडतो. मेमरी तशी न्हाई. चालू राहती आन् गुपचूप चुकीचं सांगती."

हेच ब्रीद ते वरणातल्या मिठालाही लावत. माझ्या पुतण्याचं लग्न ठरवायला मंडळी जमली होती, तेव्हा भर बैठकीत त्यांनी विचारलं, "टेस्ट केली का?" मुलीकडचे अजून आमच्याशी जपून बोलतात.

एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, एवढं पळवून जायचंय कुठं?"

काकांनी उठून कपाटातून एक व्हिडिओ कॅसेट काढली.

काकूंना जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा समोरचा दात अर्धा तुटलेला होता, त्यामुळं फोटो म्हटलं की त्या ओठ घट्ट मिटायच्या. हसण्याचा एकही फोटो घरात नाही. ही कॅसेट भाचीच्या लग्नाची, बिलोलीची. शेवटी पंगतीत काकूंचं हसणं स्पष्ट ऐकू येतं, पण बुरशीनं चित्र इतकं खराब झालेलं, की माणूस कोणता आणि मांडवाचा खांब कोणता ते कळत नाही. काकांनी ती कॅसेट कम्प्युटरवर घेतली होती आणि कम्प्युटर तिच्यातलं एकेक चित्र साफ करत होता. मूळच्या वेगानं तीन तासांच्या लग्नाला चौदा महिने लागणार होते. काकांच्या डोळ्यांत काचबिंदू होता, आणि डॉक्टर म्हणाले होते, नजर फार तर वर्षभर धरा.

"ह्या वेगानं दोन म्हैने वाचून राहिले ना," काका म्हणाले.

"मग फक्त पंगत आधी साफ करा की!"

"अक्षता पडायच्या आदी पंगत बसती काय, सर?"

मी घरी आलो.

श्रावणात डॉक्टरांनी परत तपासलं आणि वर्षसुद्धा फार आहे म्हणून सांगितलं. त्या दिवशी काकांनी जन्मात केलं नाही ते केलं. मेमरीचा वेग एकदम दोन पायऱ्या वाढवला आणि टेस्ट न करता काम सुरू केलं. कम्प्युटर काही बंद पडला नाही. तीन आठवड्यांनी मी सहज डोकावलो, तर पडद्यावर नवरीच्या कपाळावर हिरवे चौकोन आणि नवरदेवाला अर्धं तोंडच नाही. तीन आठवड्यांचं काम सगळं असंच. मला आधी राग आला, मग ध्यानात आलं, काका रोज तेच चित्र बघत होते.

"रंग जरा उडल्यावानी वाटला खरा," ते म्हणाले.

त्यांनी चाचपडत कम्प्युटरमधली नाण्याएवढी बॅटरी काढली, थोड्या वेळानं परत बसवली. तसं केलं की वाढवलेल्या सगळ्या पायऱ्या पुसल्या जातात आणि मशीन मूळच्या वेगावर येतं. "आता ताण न्हाई द्यायचा कुणाला," म्हणाले. निदान पंगत तरी आधी साफ करा, म्हणून मी त्यांच्या अगदी पायाशी बसून विनवलं. शेवटी ते म्हणाले, "बसवा पंगत."

आठवड्यानं पंगत साफ झाली. काकांनी पडद्याला नाक लावलं, मान वाकडी करून बघितलं, आणि हळूच मागं सरकले.

"तुमीच सांगा सर. हाय का ती?"

होत्या. हातात वरणाची बादली, डोळे हसून बारीक झालेले, आणि तोंडावर पदर. कॅमेऱ्याचा दिवा अंगावर आल्याबरोबर काकूंनी पदर ओढला होता. मी मागची-पुढची सगळी चित्रं बघितली. सगळ्यांत पदर होता.

"हसून राहिली?"

"हाव काका. लई."

"दात दिसून राहिला?"

"दिसतोय."

काकांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "टेस्ट केली का? एकदा बघून भरवसा ठेवायचा न्हाई."

मी परत बघितलं. "दिसतोय, काका."

त्यांनी चष्मा काढून वहीवर ठेवला, उठले, आणि चाचपडत कूलरचं तोंड माझ्याकडं फिरवलं.