सोनाराच्या सेटिंगवर लागलेलं लग्न

"लग्नाच्या शूटिंगला बाहेरचा माणूस? आणि मी जिवंत असताना?"

काका हे इतक्या जोरात म्हणाले की समोर बसलेल्या पुतणीचा चहा कपातून बशीत आला. काकू स्वयंपाकघरातून नुसत्या डोकावल्या आणि परत आत गेल्या. तीस वर्षांच्या संसारात त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. काकांच्या डोक्यात एखादी कल्पना शिरली की तिला अडवायचं नसतं, फक्त मोडतोड झाल्यावर झाडू हाताशी ठेवायचा असतो!

काकांचा धंदा सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचा. बँक, पेट्रोल पंप, सोनाराचं दुकान, हॉस्पिटल... गावात कुठेही मान वर केली की काकांनी बसवलेला एखादा कॅमेरा तुमच्याकडे टक लावून बघत असे. त्यामुळे कॅमेरा म्हणजे आपल्या घरचीच जहागीर, अशी काकांची प्रामाणिक समजूत होती.

"अहो काका, पण मी एका व्हिडिओवालीला बोलावलंय," पुतणी चाचरत म्हणाली. "छान करते ती."

"ती किती कॅमेरे आणणार?"

"एक. फार तर दोन."

"मी आठ लावतो!"

आता एवढ्यावरच गोष्ट संपली असती, तर काकांची हौस म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं असतं. पण लग्नाला आठवडा उरला असताना वहिनी, म्हणजे पुतणीची आई, पडदे काढायला स्टुलावर चढल्या आणि पाय मोडून घेऊन हॉस्पिटलात जाऊन पडल्या. पायाला वजन बांधलेलं, कूस बदलायलाही मनाई. दादा, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, लग्न पुढे ढकलायची भाषा करू लागले, तेव्हा वहिनींनी पडल्या पडल्या दरडावलं, "माझं हाड मोडलंय, तिचं लग्न नाही! तारीख अजिबात हलवायची नाही."

मग सगळे खोलीबाहेर गेल्यावर त्यांनी काकांना जवळ बोलावलं. "भावजी, एकुलती एक पोर आहे हो माझी. मला तिचं लग्न बघायला मिळेल ना?"

वहिनी या घरात आल्या तेव्हा काका शाळेत होते. त्यांच्या डब्यापासून ते दुकानाच्या पहिल्या पाटीपर्यंत सगळं वहिनींनी बघितलं होतं. काकांनी छातीवर हात ठेवला. "वहिनी, तिथे असलेल्यांना दिसणार नाही, एवढं तुम्हाला दाखवतो!"

काकांचा हा शब्द खरा ठरला, पण तो कसा, ते पुढे येईलच.

त्याच संध्याकाळी काका व्हिडिओवालीच्या स्टुडिओत जाऊन तिला "नको" सांगून आले. मुलगी शांत होती. तिने एवढंच म्हटलं, "काका, तुमचे कॅमेरे चोराची वाट बघत बसतात. लग्नात कोणाचे डोळे कधी भरून येणार, ते आधी ओळखून तिथे जाऊन उभं राहावं लागतं."

"माझे कॅमेरे आदल्या दिवसापासूनच उभे असतात!" काका म्हणाले आणि विजयी मुद्रेने घरी आले.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या छताला आठ ठिकाणी आठ कॅमेरे वटवाघळासारखे लटकत होते. हॉलमागच्या स्टोअररूममध्ये, जादा खुर्च्यांच्या ढिगाऱ्यात, काकांनी आपली 'कंट्रोल रूम' थाटली होती. दारावर टोपली घेऊन त्यांनी एका भाच्याला उभं केलं आणि आल्या आल्या प्रत्येकाचा मोबाईल काढून घ्यायला लावला. का, तर लोक फोन उंच धरतात आणि कॅमेऱ्यांच्या आड हात येतात!

"निदान मला तरी फोन ठेवू दे," दादा गयावया करत म्हणाले. "तिला तिकडे थोडंसं थेट दाखवलं असतं..."

"दादा, तुझा हात थरथरतो! आठ कोनांतून बघणाऱ्या बाईला तू हलतं चित्र दाखवणार?"

दादांनी मुकाट्याने फोन टोपलीत टाकला. पहिल्या रांगेत जाऊन ते बसले आणि शेजारची खुर्ची त्यांनी वहिनींसाठी रिकामी ठेवली.

काकांचं एकच चुकलं होतं. हा आठ कॅमेऱ्यांचा संच त्यांनी सोनाराच्या दुकानासाठी तयार केला होता आणि तसाच उचलून आणला होता. सोनाराचं दुकान दुपारी जेवणासाठी बंद होई. त्या वेळेला संच आपोआप पहाऱ्यावर जाई. म्हणजे आत काही हललं तरच रेकॉर्डिंग करायचं आणि तिजोरीपाशी कोणी आलं की भोंगा वाजवायचा! हॉलमध्ये तिजोरीच्या जागी आलं होतं लग्न नोंदवायला आलेल्या रजिस्ट्रारसाहेबांचं टेबल. आणि मुहूर्त म्हणा, वेळ म्हणा, ठरली होती नेमकी दुपारची!

वधू-वर टेबलाशी आले. रजिस्ट्रारसाहेबांनी चष्मा सारखा केला. नवऱ्या मुलाने खिशातून अंगठी काढली. साहेब म्हणाले, "आपण स्वखुशीने—"

"सावधान!" छताच्या भोंग्यातून एक बाई कडाडली. "तुम्ही कॅमेऱ्याच्या नजरेत आहात! हातातली वस्तू खाली ठेवा!"

नवऱ्या मुलाने दोन्ही हात वर केले! बिचारा सरळमार्गी मुलगा, उभ्या जन्मात त्याने सिग्नल तोडला नव्हता. त्याच्या हातातली अंगठी उडाली, टेबलावर आपटली आणि घरंगळत पाहुण्यांत शिरली. भोंगा केकाटू लागला. सगळं वऱ्हाड गुडघ्यांवर आलं आणि खुर्च्यांखाली रांगू लागलं.

स्टोअररूममध्ये काकांना घाम फुटला. त्यांनी एक वायर उपटली, पंखे बंद पडले. दुसरी उपटली, दिवे गेले! बाहेर किंकाळ्या सुरू झाल्या. तिसरी वायर उपटली तेव्हा कुठे ती बाई गप्प झाली, आणि तिच्याबरोबर काकांसमोरचा स्क्रीनही काळा पडला. मग दिवे-पंखे परत लावून काका कपाळ पुसत खुर्चीत कोसळले. अंगठी सापडली ती नवऱ्याच्या मामांच्या बुटाशी. मामा शेवटच्या रांगेत सोफ्यावर गाढ झोपले होते, आणि भोंग्यानेही त्यांची कूस बदलली नव्हती.

रजिस्ट्रारसाहेब मात्र भडकले होते. त्यांनी टेबलावर हात आपटला. "आता या हॉलमध्ये कोणी हललं, तर मी उठून निघून जाईन! समजलं?"

कोण हलणार? सगळे जिथे होते तिथे थिजले. कोणी अर्धवट बसलेलं, कोणी अर्धवट उठलेलं. त्या शांततेत दोघांनी हळूच "हो" म्हटलं, हळूच अंगठ्या घातल्या, हळूच सह्या केल्या. लग्न लागलं!

चौथ्या दिवशी काका रेकॉर्डर काखोटीला मारून हॉस्पिटलात आले. वहिनींच्या खोलीतल्या टीव्हीला त्यांनी तो जोडला. वहिनी केस विंचरून, लग्नात घालायचे कानातले घालून, उशीला टेकून तयार होत्या. पलंगाभोवती दादा, पुतणी, जावई आणि मांडीवर पर्स घेऊन काकू बसल्या होत्या.

"बघा हं वहिनी!" म्हणत काकांनी बटण दाबलं.

चित्र उमटलं. आवाज नव्हता, कारण काकांच्या कॅमेऱ्यांना कान नव्हते. छतावरून दिसत होते फक्त भांग, अंबाडे आणि टकलं.

"ही कोण?" वहिनींनी विचारलं.

"मी, आई," पुतणी म्हणाली. "तो माझा अंबाडा आहे."

"आणि शेजारी हे गोल गोल काय चमकतंय?"

जावयाने नकळत डोक्यावरून हात फिरवला. "मी," तो पुटपुटला.

मग पडदा आला. वाऱ्याने हलणारा पडदा, बराच वेळ. मग चपलांचा कोपरा. मग मामा. झोपलेल्या मामांचं पोट वर जात होतं, खाली येत होतं. मुख्य म्हणजे हलत होतं! त्यामुळे कॅमेऱ्याने त्याचा एकही श्वास सोडला नव्हता. मग अंगठी शोधत रांगणारं वऱ्हाड आलं आणि वहिनी खुदकन हसल्या. काकांना जरा धीर आला.

"आता बघा! आता हे टेबलाशी जाणार..."

टेबलाशी दोघे उभे राहिले. आणि पुढच्याच क्षणाला, हातात अंगठ्या घातलेले ते दोघे, जेवणाच्या टेबलाशी प्लेटा घेऊन उभे!



"भावजी," वहिनी म्हणाल्या, "लग्न कुठंय?"

काकांनी मागे नेलं, पुढे नेलं. एक नंबर, चार नंबर, आठ नंबर. मामांच्या पोटाखेरीज काहीच नव्हतं. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "सोनाराचं सेटिंग..." ते कसेबसे म्हणाले. "हललं तरच रेकॉर्ड होतं. आणि त्या वेळी... त्या वेळी कोणी हललंच नाही हो, वहिनी."

वहिनींनी हळूच एक कानातलं काढलं आणि उशीजवळ ठेवलं. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं! काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. एवढी मोठी जीभ उचलून शब्द दिला होता आणि या माउलीच्या पदरात काय घातलं, तर मामांचं पोट!

गडबडीत त्यांच्याकडून परत काहीतरी दाबलं गेलं, आणि पडद्यावर एक बाई दिसली. खांबाआड उभी, खांद्याला पिशवी. वाकून पुढे सरकत होती, परत खांबाआड होत होती. बुडत्याला काडीचा आधार मिळावा तसे काका उसळले.

"चोर! बघा! कशी दबा धरून चाललीय! लग्नाचं जाऊ दे, पण चोर पकडला की नाही माझ्या कॅमेऱ्याने? हिला ओळखतं का कोणी? भांगावरून तरी ओळखा!"

"मी ओळखते," काकू म्हणाल्या. "तिला मीच बोलावलं होतं."

"तू? चोराला?"

"अहो, ती व्हिडिओवाली आहे! तुम्ही नको सांगून आलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हो सांगून आले. म्हटलं, पाहुणीसारखी ये, छोटा कॅमेरा आण, फक्त यांच्या नजरेला पडू नकोस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुमचं नीट झालं असतं तर जन्मात सांगितलं नसतं," काकू वहिनींकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या. "ताईंसाठी किती जीव टाकून करत होतात, ते मला दिसत नव्हतं का?"

त्यांनी पर्स उघडून पेनड्राइव्ह काढला आणि जावयाने तो टीव्हीला लावला. "पुरं काम व्हायचंय अजून. पण ताईंना जे बघायचंय तेवढं मी आज सकाळीच आणलंय."

पडद्यावर पुतणी आली. अंबाडा नव्हे, अख्खी पुतणी! चेहरा, डोळे, ओठांवरचं घाबरं हसू. रजिस्ट्रारसाहेबांनी विचारलं. पुतणीने "हो" म्हणायच्या आधी मान वळवून पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथली रिकामी खुर्ची दिसली, आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला दादांचा हात दिसला. मग परत ती दिसली, डोळे भरलेली. "हो," ती म्हणाली. अगदी स्पष्ट ऐकू आलं.

वहिनींनी तोंडावर पदर घेतला आणि पोटभर रडल्या. पुतणी जाऊन त्यांना बिलगली. दादा खिडकीबाहेर काहीतरी फारच महत्त्वाचं असल्यासारखे तिकडे बघू लागले. ती व्हिडिओवाली नेमकी तिथेच कशी जाऊन उभी राहिली होती, हे काकांना आता कळलं. आपल्या आठ कॅमेऱ्यांपैकी एकालाही ते सुचलं नसतं, हेही कळलं.

"थांबा, थांबा! तो कोपरा बघा," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "मागे, स्टोअररूमच्या दारात. हे कोणाचं डोकं?"

दार किंचित उघडं होतं. फटीतून काका मान लांब करून, टाचा उंचावून बघायचा प्रयत्न करत होते, आणि समोर उभ्या पाहुण्यांच्या पाठींखेरीज त्यांना काहीही दिसत नव्हतं.

"म्हणजे भावजी, तुम्हीसुद्धा लग्न बघितलंच नाही?"

काकांनी खाली बघत नकारार्थी मान हलवली. हे त्यांच्या स्वतःच्याही आत्ताच लक्षात येत होतं.

वहिनी हसल्या. त्यांनी काढलेलं कानातलं परत घातलं आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर थाप मारली. "मग बसा इथे. आपण दोघंच राहिलो होतो. अगदी पहिल्यापासून लावा."

काका स्टुलावर बसले. वहिनींना नीट ऐकू यावं म्हणून उत्साहाने त्यांनी आवाज पार वरपर्यंत नेला. व्हिडिओवालीच्या कॅमेऱ्याला कान होते, आणि चांगले तीक्ष्ण होते, हे ते विसरलेच! दोघे टेबलाशी आले, साहेबांनी चष्मा सारखा केला, आणि—

"सावधान! तुम्ही कॅमेऱ्याच्या नजरेत आहात! हातातली वस्तू खाली ठेवा!"

दारातून औषधांचा ट्रे घेऊन आत येणाऱ्या नर्सबाईंनी ताबडतोब दोन्ही हात वर केले! ट्रे खाली, बाटल्या खाटेखाली आणि गोळ्या साऱ्या खोलीभर. जावयाचेही हात वर होते, पण ते आता सवयीने.

"मी गोळा करतो, मीच गोळा करतो!" म्हणत काका खाटेखाली शिरले आणि चारी बाजूंना रांगू लागले. खोलीच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवलेला हॉस्पिटलचा कॅमेरा होता. त्याचा लाल दिवा लागला.

काका हलत होते ना!