संगणकाचे झालरीचे आवरण

सन २०१९. फेब्रुवारी महिना होता, थंडी काढता पाय घेत होती, आणि सेवानिवृत्त लघुलेखकांनी अकरावा जुना संगणक घरात आणला.

त्यांतला पहिला त्यांचा स्वतःचा, १९९१ साली घेतलेला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटवणारे ते यंत्र ज्या खोलीत असे, तिथे चपला घालून शिरण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. (सर्दी झालेल्या मेहुण्यालाही त्यांनी दारातच थोपवले होते, संगणकाला विषाणू लागतो, असे त्यांनी नुकतेच वाचले होते.) निवृत्तीनंतर त्या यंत्राला सोबत हवी, म्हणून त्याच्याच वयाचा एक जोडीदार आणायचे त्यांनी ठरवले. एकाचे अकरा कसे झाले, हे त्यांनाही सांगता आले नसते.

पत्नीचा शिवणवर्ग होता. तो जेवणाच्या टेबलावर भरे. अकरावा पाहुणा आला त्या दिवशी त्यांचा संयम उसवला.

"अहो, माझ्या मुलींना कापड बेतायला वीतभर जागा नाही, आणि तुमची ही धुडं खोलीभर लोळताहेत!"

"धुडं? अगं, वारसा आहे हा!"

"असं कोण म्हणतं? तुम्हीच ना?"

हा घाव वर्मी लागला. "उद्या संग्रहालयाच्या बाई पाहायला येताहेत. प्रदर्शनात मांडायला त्यांनी यातला एक जरी नेला, तर खोली माझी. नाही नेला, तर तुझी!"

बाई आल्या. वयाने तरुण, नजरेने चोख. "हा आहे आमच्याकडे. हे तर दोन आहेत. हा नको." दहाव्या यंत्रापर्यंत लघुलेखकांचा आवाज पार खोल गेला. अखेर त्यांनी आपल्या लाडक्या पहिल्या संगणकावरचे आवरण ऐटीत ओढून जमिनीवर टाकले.

"अय्या! किती दुर्मीळ!" बाई उद्गारल्या.

"आहेच मुळी! मूळच्या कळफलकासकट..."

"हे शिवलं कुणी?"

बाईंच्या हातात आवरण होते. बदामी कापड, खाली चुणीदार झालर, वायरीसाठी मागे सुबक काज, माथ्यावर भरतकामाचे बदक.

"यंत्रं लोक जपतात हो, काका. आवरणांची मात्र पायपुसणी होतात. हे मी नेते. आणि घालून दाखवायला तो डबाही द्या."

('डबा' हा शब्द लघुलेखकांनी मोठ्या मनाने ऐकला नाही.)

"गेला की नाही माझा संगणक?" बाईंची पाठ वळताच ते म्हणाले.

"माझं आवरण गेलं. तो नुसता बरोबर गेला."

वाद मिटेना. शेवटी प्रदर्शनात जी पाटी लागेल, ती प्रमाण मानायची, असे उभयपक्षी ठरले.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी प्रदर्शन उघडले. लघुलेखकांनी चष्मा पुसून पाटी वाचली: "संगणकाचे आवरण. घरगुती शिवणकाम व भरतकाम. आतील वस्तू केवळ आधारासाठी."

निदान पडदा तरी लोकांना दिसावा, म्हणून त्यांनी झालर हळूच उचलली.

"आजोबा, हात नका लावू!" पहारेकरी खेकसला.

"खोली तुझी," ते पुटपुटले.

इतक्यात संग्रहालयाच्या बाई प्रमुख पाहुण्यांना घेऊन आल्या. "शिवणाऱ्या त्या ह्याच!" पाहुण्यांनी बदकाची तोंडभरून स्तुती केली. मग शेजारी पत्नीची पर्स सांभाळत उभ्या असलेल्या गृहस्थांकडे पाहून त्यांनी अदबीने विचारले, "आणि हे?"

पत्नीने एकवार पाटीकडे पाहिले.

"हेही," त्या म्हणाल्या, "आधारासाठीच."