झिपरोबाचं बिनढोलाचं गाणं

एका जंगलात गाणं पायांनी ऐकायची पद्धत होती.

म्हणजे असं बघा मुलांनो, गाणं सुरू झालं की सगळे नाचायला लागत. कान तेवढ्या वेळात विश्रांती घेत. गाण्यात काय म्हटलंय असं कोणी विचारलंच, तर बाकीचे त्याच्याकडे दयेने बघत. बिचारा म्हातारा झाला, म्हणत.

त्या जंगलात झिपरोबा नावाचं अस्वल होतं. तरुणपणी त्याने 'खडकफोड' नावाचा बँड काढला होता. गाणी तोच रचायचा, तोच गायचा. धमधम्या हत्ती पोकळ ओंडक्यांवर पाय आपटायचा. रानडुकरं दगडावर दगड घासायची. मागे माकडं सुरात फांद्या मोडायची. हरणांच्या पोरी झिपरोबाला बघून बेशुद्ध पडत, आणि शुद्धीवर आल्या की पुन्हा बघून पुन्हा पडत.

त्यांचं एक गाणं फार गाजलं. त्याचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्याला 'धडाम धुडूम' म्हणत. बारशाला तेच, लग्नाला तेच. जंगलाचे राजे आयाळसिंह महाराज यांच्या वाढदिवसाला तर दरवर्षी तेच. पहिला ठेका महाराज स्वतः धरायचे. त्या दिवशी जो नाचणार नाही त्याची चौकशी होई.

एकदा सशाच्या मुलीच्या लग्नात हेच गाणं झालं. नवरीचा बाप हात जोडून झिपरोबापुढे आला आणि डोळे पुसत म्हणाला, "काय गोड मंगलाष्टक म्हटलंत हो."

झिपरोबाने तिथल्या तिथे बँड सोडला आणि तो मधाच्या डोंगरावर राहायला गेला. ज्याने शब्दांवर जीव टाकलाय, त्याला असं कौतुक मधमाशीपेक्षा जास्त चावतं.

वर्षं गेली. झिपरोबाची छाती पांढरी झाली, दात हलायला लागले, आवाज चिरका झाला. पण एक इच्छा काही जाईना. आवाज पुरता जायच्या आत, निदान एकदा, कोणीतरी आपले शब्द ऐकावेत. मग त्याने एक वाळका भोपळा घेतला, त्यावर एक वेल ताणली आणि मंजुळा साळुंकीला बोलावणं धाडलं.

त्या जंगलात गाणं प्रसिद्ध करायचं म्हणजे साळुंकीला ऐकवायचं. ती एकदा ऐकायची, आपल्या सगळ्या जातभाईंना शिकवायची, की झाडाझाडावर तेच गाणं. मंजुळा आली, फांदीवर नीट बसली आणि म्हणाली, "हं, म्हणा. मी ऐकायला घेतेय."

"एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही," झिपरोबाने बजावलं.

"मी कधीच करत नाही. कळत असतं तर केलं असतं."

झिपरोबाने भोपळा छेडला आणि एकट्याने, हळू, तेच जुनं गाजलेलं गाणं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते जंगलभर झालं. मंजुळाने शब्दाला शब्द उतरवला होता. झिपरोबाचा खोकलासुद्धा. मधेच त्याला मुंगी चावली होती, ती बोंबही. वटवाघळं ही त्या जंगलाची समीक्षक. ती उलटी लटकूनच जग बघतात, म्हणून त्यांना खोलवर दिसतं अशी समजूत आहे. खोकल्यात एका पिढीची घुसमट आहे आणि मुंगी हे व्यवस्थेचं प्रतीक आहे, असं त्यांनी जाहीर केलं. गाणं त्यांनी ऐकलं नव्हतं, पण त्याने काही बिघडत नाही. संध्याकाळपर्यंत तरुण साळिंदरं फॅशन म्हणून खोकायला लागली.

जनावरांनी आधी सवयीने नाचून पाहिलं. पण ढोलच नाही, तर पाय कुठे टाकायचा? पाय अडखळले, मग थांबले. पाय थांबले म्हणताना कानांना कामाला लागावं लागलं. आणि तेव्हा त्यांना ऐकू आलं:

खाजव राजा, खाजव मान,
आयाळीत उवांचं रान.
आंघोळीला म्हणतो थंडी,
वासाला म्हणतो माझी शान.

आपण या गाण्यावर कुठे कुठे नाचलो ते ज्याला त्याला आठवू लागलं. सशाने सगळं घरदार गोळा करून मुलीचं लग्न कायदेशीर आहे की नाही ते विचारलं. धमधम्या हत्ती धापा टाकत डोंगर चढून आला.

"झिपऱ्या, हे आपण वाजवत होतो?"

"होय रे."

"इतकी वर्षं?"

"होय."

"मला सांगायचंस तरी, गाढवा. अजून जोरात वाजवलं असतं."

झिपरोबाला दरबारात बोलावणं आलं. राजाच्या अपमानाची शिक्षा म्हणजे कातडी सोलणे. झिपरोबा गेला तो मात्र मान वर करून. कातडी जुनीच होती, आणि शब्द ऐकले गेले होते.

"हे तू कधी रचलंस?" महाराजांनी विचारलं.

"आपण राजे झाल्यावरच्या पहिल्या वाढदिवसाला, महाराज. पहिला ठेका आपणच धरलात."

गाणं गुन्हा ठरलं, तर नाचणं गुन्हा ठरणार होतं, आणि पहिला गुन्हेगार सिंहासनावर बसला होता. नेमकी तेव्हाच महाराजांच्या मानेला खाज सुटली. सगळा दरबार त्या मानेकडे बघत होता. महाराजांनी दात आवळले, पंजे आवळले, डोळ्यांत पाणी आलं. शेवटी न राहवून त्यांनी सिंहासनाच्या खांबावर मान घासली, वर, खाली, पुन्हा वर.

सांस्कृतिक मंत्री तरसराव यांची अवस्था तर विचारूच नका. तरसाच्या जातीला हसू आवरत नाही. त्यांनी स्वतःची शेपटी तोंडात कोंबली आणि ती काढल्यावर गंभीर चेहऱ्याने निवाडा सांगितला. "महाराज, गाणं उत्तमच आहे. फक्त वाद्यं कमी पडली."

लगेच फर्मान निघालं. झिपरोबाला 'वनगौरव' पुरस्कार. गायकांच्या घशाची काळजी म्हणून बिनढोलाच्या गाण्यावर बंदी. आणि ओंडके बडवायला झिपरोबाच्या मागे कायमचे तीन हत्ती.

महाराजांच्या पुढच्या वाढदिवसाला झिपरोबा गळ्यात हार घालून उभा राहिला. तोंड कडू झालं होतं. मागून धमधम्या कुजबुजला, "तू म्हण तर खरं."

धडाम धुडूम सुरू झालं. महाराजांनी ठेका धरला, तरसरावांनी कंबर हलवली, सगळं जंगल उसळलं. झिपरोबा गात होता आणि एक अक्षर कोणाला कळत नव्हतं. मग धमधम्याचा पाय वर गेला आणि वरच राहिला. ते बघून बाकीच्या दोन हत्तींचेही पाय वर राहिले. त्या एवढ्याशा शांततेत जंगलभर एकच शब्द गेला.

"उवांचं!"

पुन्हा धडाम. प्रत्येक कडव्याला धमधम्याचा पाय त्याच जागी विसरायला लागला. प्रत्येक कडव्याला जंगल तिथे श्वास रोखून थांबायला लागलं आणि मग हसून हसून लोळायला लागलं. आपल्या वाढदिवसाला प्रजेला एवढा आनंद झालेला महाराजांनी कधी पाहिला नव्हता. मान खाजवत खाजवत त्यांनी पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं.

तात्पर्य: खरं नेहमी मोठ्याने बोलावं, इतक्या मोठ्याने की कोणाला ऐकू येऊ नये. हळू बोललात तर लोकांना कळतं, आणि मग पुरस्कार घ्यावा लागतो.