बाराव्या शर्यतीचं सॉसेज

झेनॉन मिकुलाच्या पत्रकात चाळीस वर्षांत एकही खाडाखोड झाली नव्हती. आमच्याकडे फटफट्यांची शर्यत नुसती बघत नाहीत, लिहितात. दारात छापील पत्रक घ्यायचं, खिशातून पेन काढायचं आणि प्रत्येक शर्यतीनंतर रकाने भरायचे: पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. ज्याचं हुकलं तो झेनॉनचं बघून लिहायचा. त्यामुळे आमच्या पाचव्या स्टँडमध्ये माणसं तीनशे असली तरी पत्रक एकच होतं म्हणा ना.

त्या वर्षी सांघिक विश्वचषकाचा अंतिम सामना आमच्या गावात होता; दर शर्यतीत चार देशांचा एकेक स्वार. अकराव्या शर्यतीनंतर आमचं पोलंड आणि डेन्मार्क बरोबरीत आले. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "सॉसेज आलंय! कार्डाशिवाय!"

तेव्हा मांस रेशनच्या कार्डावर मिळायचं, तेही मिळालं तर. स्टँड बघता बघता रिकामा झाला. देशप्रेम आपल्या जागी, पण रांग लागली की लागली. झेनॉनने पत्रक आणि पेन बायकोच्या हातात कोंबलं.

"लुत्सिना, बारावी नीट बघ. आणि ते विणकाम ठेव खाली!"

"जा रे बाबा. मोहरीची चटणी विसरू नकोस."

तो परतला तेव्हा रकाना भरलेला होता: डेन्मार्कला दोन, पोलंडला एक. हातातलं सॉसेज सांभाळत आम्ही सगळ्यांनी ते आकडे उतरवले. मीसुद्धा.

शेवटची शर्यत संपली आणि बोर्डावर आकडे चढले. पोलंड अडतीस, डेन्मार्क सदतीस. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. झेनॉन तेवढा बसून होता. त्याच्या बेरजेत डेन्मार्क अडतीस होतं, पोलंड सदतीस.

"झेनॉनराव, गप्प बसा," शेजारचा रिशार्द कुजबुजला. "सोनं मिळतंय. खिशात घाला ते पत्रक."

"म्हणजे माझं चुकलं म्हणतोस?"

"तुमचं कसं चुकेल हो? पण मिळतंय तर मिळू दे ना!"

चौथ्या स्टँडला कुणकुण लागली. "काय रे पाचव्यांनो, बेरीज जमत नाही वाटतं?"

झालं! आता प्रश्न स्टँडच्या अब्रूचा होता. पटापट पत्रकं निघाली, ताडून पाहिली, आणि तीनशेच्या तीनशे जुळली. तीनशे माणसं एकदम चुकतील कशी? "बोर्ड चुकलाय!" असा गलका उठला, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज रिशार्दचा होता.

परदेशी पंच खाली आला. फरक बाराव्या शर्यतीचा होता आणि तिथे दुसऱ्या-तिसऱ्यात चाकभराचंही अंतर नव्हतं, त्यामुळे त्याने आपल्या कारकुनाला विचारलं. कारकुनाच्या हनुवटीला मोहरीची चटणी लागली होती. बारावी आपण स्वतः पाहिली नाही, ऐकून लिहिली, असं तो खाली मान घालून म्हणाला.

पंच आमच्याकडे वळला. "तुम्ही सगळ्यांनी बारावी शर्यत डोळ्यांनी पाहिली?"

आता अख्ख्या जगासमोर आम्ही काय सांगणार, सॉसेजच्या रांगेत होतो म्हणून?

"डोळ्यांनी पाहिली!" तीनशे माणसं म्हणाली.

"स्वतःच्या देशाला हरवायला कोण खोटं बोलेल?" असं म्हणून पंचाने आकडे बदलायला लावले. डेन्मार्कवाले आधी एकमेकांकडे बघत राहिले, मग नाचायला लागले. त्यांचं राष्ट्रगीत आम्ही टोप्या काढून ऐकलं. छाती फुगली होती आणि रडूही येत होतं.

संध्याकाळी मी मिकुलांकडे चहाला थांबलो. झेनॉनचे डोळे सुजले होते.

"सोनं गेलं, लुत्सिना. पण पत्रक खरं राहिलं. मला एवढंच सांग, त्या डेन्मार्कवाल्याने आपल्या पोराला गाठलं कुठे? शेवटच्या वळणावर?"

"मला काय ठाऊक?" लुत्सिना सुया न थांबवता म्हणाली. "पहिला आला तेव्हा मी मान वर केली होती. शेवटचाही दिसला. मधले दोघे आले तेव्हा माझा टाका सुटला होता."

"मग लिहिलंस कशावरून?"

"रकाना रिकामा दिसला असता तर आठवडाभर तू घास घेतला नसतास. डेन्मार्कचा पोरगा बिचारा हडकुळा वाटला, त्याला दोन दिले."

मग झेनॉनची नजर हळूहळू कपाटाकडे गेली. तिथे चाळीस वर्षांची पत्रकं ओळीने लावलेली होती.

"आणि... आधीच्या वर्षांत? मी कधी मधेच उठून गेलो असेन तेव्हा?"

"उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस," लुत्सिना म्हणाली. "दर वर्षी थोडंच सॉसेज येतं!"