लेकींचे गुरुजी

रामकुंडावर वडिलांच्या अस्थी घेऊन गेलो, तेव्हा माझ्या हातात यादी होती: दर्भ, तीळ, पंचा, नारळ. अंबडच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. यादीशिवाय माझं पान हलत नाही. घराण्याचीही यादी मी केली होती, पक्की.

विष्णूगुरुजींनी आमची वही उघडली. यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं क्षेत्रोपाध्यायांच्या या वह्यांत असतात. ते वाचू लागले, "गणपत, त्याचा मुलगा रामचंद्र, मुलगी सोनू. तीन वर्षांची. देवीच्या साथीत गेली."

"वही चुकली गुरुजी. बाबांना बहीण नव्हती."

शेजारच्या पायरीवर बाबांचे चुलतभाऊ, ऐंशीचे काका बसले होते. "व्हती रे," ते म्हणाले. "दादाच्या पाठची. लय गोड व्हती."

पंचेचाळिसाव्या वर्षी मला आत्या मिळाली, तीही गेलेली.

गुरुजी पंचवटीत आमच्याच गल्लीत राहत. मग कळलं, ही त्यांची जुनीच खोड. बाप, आजा, पणजा लिहून झाले की ते लेखणी रोखत, "आता लेकींची नावं. गेलेल्यासुद्धा."

सायखेड्याचा एक शेतकरी वैतागला. "लेकी परक्याचं धन म्हाराज. त्यांचं काय लिवता?"

"धन परक्याचं, नाव तुमचं. सांगा!"

त्याने चार सांगितली आणि तो अडला. मग ओल्या धोतरानिशी चहाच्या टपरीकडे तोंड करून ओरडला, "अगं ए, पाचवीचं नाव काय?" बायकोने तिथून उत्तराआधी जे ऐकवलं, ते सगळ्या घाटाने ऐकलं.

बाकीचे उपाध्ये गुरुजींची टिंगल करत. "लेकींचे गुरुजी आले, पोरी लपवा!" गुरुजी उलट विचारत, "रामाने इथे दशरथाला पिंड दिला ना? मग त्या दशरथाच्या मुलीचं नाव सांगा." मग स्वतःच सांगत, "शांता! रामाची थोरली बहीण. रोज रामाचं नाव घेता, ती ठाऊक नाही."

गुरुजींची नजर अधू झाली, तेव्हा वह्या पुतण्याकडे जायच्या ठरल्या. जीर्ण पानं तो नव्या वहीत उतरवणार होता. त्याने स्पष्टच सांगितलं, "काका, वंश तेवढा उतरवीन. पोरींची भरती नाही."

गुरुजी काठी टेकत माझ्याकडे आले. "स्टोअरवाले, तुम्ही याद्या करता. माझ्या पोरी सांभाळाल?"

रविवारमागून रविवार बसून मी लेकींची स्वतंत्र सूची केली, गावानुसार, क्रमांक घालून. पुतण्याला एक प्रत दिली. "नवी वही झाली की दाखव. मी ताडून बघणार. एक नाव गळलं तर रोज दारात येऊन बसेन." तो बिचकला. माझ्या कारखान्यातले लोकही बिचकतात.

शेवटच्या रविवारी सहज विचारलं, "गुरुजी, तुमच्या घराण्याचं पान कुठाय?"

"आमचं काशीच्या उपाध्यायाकडे. मी गेलो होतो लिहायला. तो म्हणाला, मुलीचं नाव घेत नाही."

"कोणाच्या मुलीचं?"

"माझ्या."

अकरा वर्षांचा शेजार आमचा, आणि मी त्यांना निपुत्रिक समजत होतो. म्हणजे माझी यादी पुन्हा चुकली होती.

"सहा वर्षांची होती," ते म्हणाले. "माझ्याबरोबर कुंडावर यायची. वहीवर बोट ठेवून नावं वाचायची. तापात गेली. काशीहून परत आलो तेव्हापासून विचारायला लागलो सगळ्यांना."

मी सूचीचं कोरं पान उघडलं, क्रमांक घातला आणि म्हणालो, "गुरुजी, आता लेकींची नावं. गेलेल्यासुद्धा."

हजारोंना हा प्रश्न विचारणारा माणूस यजमानासारखा हात जोडून बसला. मग गुरुजी म्हणाले, "गोदा."

मी लिहिलं. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, मग परत माझ्यापुढे सरकवलं.

"जरा मोठ्या अक्षरात लिहा. तिला नुकतंच वाचता यायला लागलं होतं."