ऑर्दालिया आत्यांचं घर, हयात असेपर्यंत

मी कुठलीही गोष्ट नशिबावर सोडत नाही. आमच्या दीड वर्षाच्या आयलाचं दूध मी आधी मनगटावर टाकून बघते, मग कोपरावर आणि तरी खात्री पटली नाही तर नवऱ्यावर! त्यामुळे आत्यांच्या घराचं प्रकरण मी एकटी, एका सकाळीत, कायमचं मिटवणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

ऑर्दालिया आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची, वांदेर्लेची, सख्खी आत्या. वय एक्याऐंशी, लग्न केलं नाही, जन्मभर पोस्टात नोकरी. गेल्या वर्षी त्यांनी आपलं घर गावातल्या वृद्धाश्रमाला दान करून टाकलं. अट एकच: हयात असेपर्यंत घर वापरायचा हक्क त्यांचाच. आम्ही तिघं त्यांच्याकडेच राहतो. म्हणजे आत्यांचा श्वास चालू, तोवर आमच्या डोक्यावर छप्पर! आमच्या स्वतःच्या घराच्या तीन भिंती उभ्या आहेत. चौथी, वांदेर्लेच्या म्हणण्याप्रमाणे, 'पुढच्या वर्षी'. हे तो चार वर्षं म्हणतोय.

मग मी आत्यांना जपायला लागले. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज बांधला. जिन्याला फाटक बसवलं. दुपारी त्या झोपल्या की नाकाशी आरसा धरून बघायची.

"लुदमिला," डोळे न उघडता त्या म्हणायच्या, "आरसा जरा वर घे, केस बघते."

आत्या ठणठणीत होत्या हो! घोर होता तो वृद्धाश्रमाच्या अध्यक्षा जेरुझाबाईंचा. दर गुरुवारी आत्यांची चौकशी करायला यायच्या आणि जाता जाता टेप काढून खोल्या मोजायच्या. "इथे चौघं आरामात," असं त्यांना पुटपुटताना मी या कानांनी ऐकलं. आयलाच्या पाळण्याच्या जागी!

गावाला एकदाच ठणकावून सांगायचं, असं मी ठरवलं. आणि आमच्या डोंगरातल्या गावात सांगायचं म्हणजे चर्चच्या मनोऱ्यावरचा कर्णा. हरवलेली गाय, लहान मुलांची लस, कोणाचं मयत, सगळं त्याच्यावरून. मी सुवाच्य अक्षरात मजकूर लिहिला: 'कुमारी ऑर्दालिया यांनी आपले घर वृद्धाश्रमास दान केले असून, त्या हयात असेपर्यंत घरावर त्यांचाच हक्क राहील, याची सर्वांनी नोंद घ्यावी.' आणि तो कर्ण्यावाल्या तिबुर्सियोकाकांच्या हातात दिला.

"काका, नीट वाचा हं!"

"पोरी, बत्तीस वर्षं वाचतोय. अजून एकाही मयताची तक्रार आलेली नाही!"

तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

दहा वाजता कर्णा खरखरला आणि त्यातून धून सुरू झाली. मयताची! पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाचं नाव आलं की काकांचा हात आपोआप त्याच तबकडीकडे जातो म्हणे. ती धून लागली की आमच्याकडे बायका गॅस बंद करतात, पुरुष टोपी काढतात आणि सगळे फक्त नावाची वाट बघतात. नाव आलं. पुढचं ऐकायला थांबतंय कोण! सगळं गाव मयताच्या घरी न्यायचे चीजपाव भाजायला पळालं.

पहिल्या आल्या शेजारच्या क्लेउनिसीबाई, रडून नाक लाल, हातात ताट. दार नेमकं आत्यांनीच उघडलं.

"कोण गेलं गं?"

"तुम्ही!"

"अगंबाई! मग आत ये, कॉफी ठेवते."

अर्ध्या तासात घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मी ओरडत होते, "गैरसमज झालाय! घरी जा!" पण आणलेलं खाल्ल्याशिवाय कोणी हलेना. आत्या मधोमध सोफ्यावर बसून स्वतःविषयीचे चांगले शब्द ऐकत होत्या. औषधाच्या दुकानातले म्हातारबा तर हुंदके देत म्हणाले, "तुम्हाला मागणी घालायची राहूनच गेली!"

"सदुसष्ट साली तोंडाला काय झालं होतं?" आत्यांनी विचारलं.

तिबुर्सियोकाका उलट माझ्यावरच चिडले. "मजकूर तुझाच! 'हयात असेपर्यंत' लिहिलंस. मला वाटलं, आता नसतील!" वांदेर्ले कामावरून धावत आला, काळा टाय लावून, ढसाढसा रडत. आत्या दिसल्यावर त्याने डोळे पुसले आणि चीजपाव घेतला.

आणि मग दाराशी गाडी थांबली. वृद्धाश्रमाची. आत आठ म्हातारेकोतारे, टपावर चार खाटा, पुढे जेरुझाबाई!

मी कडेवर आयला, हातात झाडू अशी दारात आडवी झाले. "एक खाट आत येणार नाही! आत्या जिवंत आहेत!"

"खाटा?" जेरुझाबाई चक्रावल्या. "अगं, त्या सुताराकडे चालल्यात, पाय मोडलेत. ही मंडळी अंत्यदर्शनाला आलीत. सकाळपासून रडतायत बिचारी."

"आणि ते टेप लावून मोजणं?"

"ते ऑर्दालियानेच सांगितलंय!"

सगळे आत्यांकडे वळले. आत्यांनी पदर नसताना पदर सारखा केल्यासारखं केलं. "पत्ते खेळायला चार माणसं नकोत? म्हटलं, किती टेबलं मावतात बघावं. घर वापरायचा हक्क माझाच ना?"

मी झाडू खाली ठेवला. आठही जण आत आले, आणि संध्याकाळपर्यंत पत्ते आपटणं आणि आरडाओरडा! एका आजोबांची कवळी कॉफीत पडली, तरी डाव थांबला नाही.

गाडी निघताना मी सवयीने डोकी मोजली. आत आले होते आठ. गाडीत, जेरुझाबाईंना सोडून, नऊ!

"आत्या! तुम्ही कुठे?"

"यांच्याबरोबर," मांडीवरची पिशवी घट्ट धरून आत्या म्हणाल्या. "तिथे जेवणानंतरही डाव असतो. आणि डुलकी घेतली तर डुलकीच घेऊ देतात."

"अहो, पण घर?"

"मी हयात असेपर्यंत माझं. तुम्ही राहा की! कोणी नाही म्हटलंय?"

त्याला आता महिना झाला. एवढं मोठं घर, आम्ही तिघंच. खोल्या मोजायलासुद्धा कोणी येत नाही. मीच रोज सकाळी आयलाला घेऊन वृद्धाश्रमाच्या फाटकाशी जाते. जेरुझाबाई मला लांबूनच बघतात आणि ओरडतात, "आहे गं, आहे! कालपासून सात डाव जिंकलीय. जा घरी!"

मी जाते. दुपारी फक्त अजून एक चक्कर मारते. सहजच हो!