कासवाखालचा डबा

लढाई संपून वर्ष झालं तेव्हा कोरेगावचे हवालदार लालासाहेब आपल्या दोस्ताकडे समुद्र बघायला गेले. दोस्त म्हणजे धर्मा तांडेल, पलटणी नेणाऱ्या बोटीवरचा जुना खलाशी. त्याच्या कोळीवाड्यालगतचा किनारा संस्थानानं राखून ठेवला होता. तिथं पक्षी मारायचा नाही, कासव धरायचं नाही, अंड्याला हात लावायचा नाही.

लालासाहेबांजवळ पत्र्याचा डबा होता. त्यात पलटणीतून सुटल्याचा कागद. आठ दिवसांनी तो साताऱ्याच्या कचेरीत दाखवला, की सडकेवरच्या मुकादमाची नोकरी पक्की. दुसऱ्या दिवशी पहाटे ते समुद्रावर अंघोळीला गेले. परक्या मुलखात कुणाचा भरवसा नको म्हणून डबा वाळूत पुरला, वर काठी रोवली आणि पाण्यात उतरले.

बऱ्याच वेळानं वर आले तर काठी आडवी पडलेली, आणि तिच्या जागी परातीएवढं कासव बसलेलं.

"हाल की," लालासाहेब म्हणाले.

कासवानं वाळू उडवली. ती त्यांच्या ओल्या मिशांवर बसली. ते कासव उचलायला वाकले, तोच धर्मानं पळत येऊन त्यांचा दंड धरला.

"हवालदार, हात लावू नका. अंडी घालतेय ती."

"आरं, पर माझ्या डब्यावर?"

"तिला काय ठावं?"

लालासाहेब ओल्या लंगोटावर कुडकुडत उभे राहिले. कासवानं सावकाश वाळू सारखी केली आणि मागं वळूनही न बघता ते समुद्रात गेलं. लालासाहेब उकरायला बसणार, एवढ्यात धर्माची म्हातारी आई जानकीबाई चार बायकांना घेऊन आली. त्यांनी त्या जागेवर हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला आणि भोवती काटक्यांचं कुंपण घातलं.

"आमची पोर म्हायेरी बाळंतपणाला आलीय," जानकीबाई म्हणाली. "पिल्लं निघंस्तोवर हितं कुणी उकरायचं नाय."

"कवा निघतील?"

"पन्नास-पंचावन दिसांनी."

"आवं आई, तीन वर्सं लढाईत काढली. जपान्यानं बी मला असा अडवला न्हाई."

तरातरा ते संस्थानच्या राखणदाराकडे गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "राखीव किनाऱ्यात डबा पुरायला परवानगी कुणाची?"

लालासाहेबांनी धाकट्या भावाला, सयाजीला, तार केली आणि रागारागानं कुंपणाशी ठाण मांडलं. डब्यावर नजर ठेवतोय, असं सांगायचे. संध्याकाळी कोल्हा आला, त्याला त्यांनी किनाराभर पळवला. सकाळी कुत्री हाकलली. मधल्या वेळात समुद्राकडे बघून बोलायचे, "घालून गेली ती गेली. एकदा बघाय बी आली न्हाई. आमची म्हस असं करत न्हाई."

सातव्या दिवशी सयाजी फावडं घेऊन हजर झाला.

"दादा, परवा कचेरी हाय. कुठं हाय डबा?" म्हणत त्यानं एक पाय कुंपणात टाकला.

लालासाहेबांनी त्याला गळपट्टीला धरून मागं ओढला. "पाय काढ. आत अंडी हायेत."

"आवं, नोकरी जाईल."

"जाऊ दे. आई न्हाई जवळ त्यास्नी, आन तू फावडं घालतूस व्हय रं?"

"मग सायबाला सांगू काय?"

"बाळंतपण हाय म्हणावं. दोन म्हैनं येत न्हाई."

सयाजी एकटाच साताऱ्याला गेला आणि त्यानं कचेरीतल्या साहेबापुढं तसंच सांगितलं. साहेबाच्या घरी नुकताच पाळणा हलला होता. त्यानं खुशीनं दोन महिन्यांची मुदत लिहून दिली आणि विचारलं, "मग, मुलगा की मुलगी?"

खोटं बोलायची सयाजीला सवय नव्हती.

"शंभरभर हायेत सायेब," तो म्हणाला. "अजून कळलं न्हाई."